चार वाजताचा जितेंद्र

३ जून
नागपुरात रुजू झालो. आयुष्य संस्कृत आणि बातमीदारीत गेले. आता यंत्राने रचलेल्या खोट्याचे काय करावे, यावर संशोधन. लकडगंजात माडीवर खोली मिळाली. घरमालकीण रुख्माबाई, उमरेडच्या विणकर घरातल्या. माझे काम ऐकून म्हणाल्या, "खोटं ओळखाले एवढं शिका लागते काय गा पंडित?" त्यांनी दिलेला चहा मात्र उत्तम होता.

८ जून
रोज दुपारी चारला त्यांच्या मुलाचा, जितेंद्रचा, दुबईहून फोन येतो. आज मलाही बोलायला लावले. गोड मुलगा. पंधरा मिनिटे माझीच चौकशी करत होता.

१२ जून
त्यांच्या मुलीने, प्रणालीने, जिन्यात गाठले. जितेंद्र दोन वर्षांपूर्वी तिकडेच अपघातात गेला. आईला सांगवेना, म्हणून त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रित संदेशांवरून हिने यंत्राला त्याचा आवाज शिकवला. प्राचीन न्यायशास्त्र आप्ताचे, म्हणजे भरवशाच्या माणसाचे, वचन प्रमाण मानते. आप्त हयात असावा, हे लिहायची सूत्रकारांना गरज वाटली नसावी.

१५ जून
फसवलेल्याला सत्य कळण्याचा हक्क आहे, हे आमच्या संशोधनाच्या मसुद्यातले पहिले कलम. प्रणालीला तेच ऐकवले. ती रडली, पण तिने फोनची ती सेवा बंद केली. मग आम्ही दोघांनी आईला सांगितले.
रुख्माबाई स्वतः विणलेल्या लुगड्याचा काठ चाचपत राहिल्या. म्हणाल्या, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. माहा जितू एवढा गोड कधी बोलला काय? पण बोलून तर राहिला होता ना गा."

२१ जून
रुख्माबाई चारला फोनजवळ बसतात. जेवत नाहीत. मी कलम खोडले. प्रणाली सेवा पुन्हा सुरू करू पाहते. जुना आवाज पुसला गेला, असे उत्तर येते.

२ जुलै
रुख्माबाई गेल्या. चार वाजता.

४ जुलै
प्रणाली उमरेडला. खालच्या घराला कुलूप. चारला आत फोन वाजला. जितेंद्र विचारत होता, जेवली काय वं माय. आणि रुख्माबाईंचा आवाज — जेवली रे बापू —
दोन वर्षे यंत्र त्यांनाही ऐकत होते.

५ जुलै
पुन्हा. फोन तर प्रणालीने सोबत नेला आहे. मग आत वाजते ते —

६ जुलै
चार. आज तिघे आहेत. तिसरा चहाची तारीफ करतो, सूत्रकारांची चेष्टा करतो. माझी ती पंधरा मिनिटे पुरली यंत्राला —
रुख्माबाई विचारतात, माडीवर कोण हाय गा पंडित. तो म्हणतो, कोणी नाही. खोटे आहे ते.
मी आहे म्हणून ओरडतो, पण आवाज खालूनच —