अमरेशच्या मापाची सीट

१२ जानेवारी, सोमवार

गाडीची सीट हलंना! बटण दाबलं की खालून 'कट्' होतं आणि फ्यूज जातो. नवा घातला — तोही गेला. कधीची अडकलेली आहे कोण जाणे. आमचा अमरेश उंच, त्याला सीट पार मागंच लागते, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता सोमवार-शुक्रवार लातूरला डायलिसिस, त्याच्या अंगात त्राण नाही, तेव्हा गाडी चालवणार सूनबाई. आणि शिवकन्येचा पाय ब्रेकला पोचत नाही! पाठीशी दोन उशा घेऊन बसली. स्वतःच हसली.

आज एसटीनंच गेले. येताना अमरेशला उदगीरपर्यंत उलट्या.

१३ जानेवारी

दयानंद मिस्त्री बघून गेला. "काका, सीटखालची मोटार काढून टाकू, सीट वहिनीच्या मापानं पुढं घेऊ, वेल्डिंग मारू. झालं!" मला पटलं.

शिवकन्येला नाही. "न्हाई. मागंपुढं दोन्हीकडं सरकली पाहिजे."

"मागं कुणासाठी न्यायची बाई?"

"असू द्या मामा. आपणच काढू सीट."

आपणच! मी जन्मभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरल्या, तेही बघून बघून शिकलेला. गाडीच्या सीटला कधी हात लावला नाही. पण ही पोर 'आपण' म्हणते आणि मग नाही म्हणवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

गल्लीतल्या बायका वाण घेऊन निघालेल्या, आणि आमची सून गाडीत पालथी! आधी मला बॅटरीची तार सोडायला लावली. पुढचे दोन बोल्ट सहज निघाले. मागचे दोन सीटच्या पोटाखाली. तोंडात टॉर्च, हातात आखूड पाना — जरा फिरव, काढ, परत लाव. बोटं सोलली तरी थांबंना. लई चिवट!

"अगं, तिळगूळ तरी खा!" — आमची ही, पार्वतम्मा, दारातून.

आतून नुसतं "उं उं".

"टॉर्च खाऊन पोट भरलंय तिचं," अमरेश खाटेवरून.

दुपार कलता शेवटचा बोल्ट सुटला. दोघांनी सीट उचलून अंगणात पोत्यावर पालथी घातली. रुळात काय निघावं? सुपारी! हळदीची! आमची ही दर दसऱ्याला गाडी पूजते आणि राखणीला एक सुपारी सीटखाली ठेवते. ती घरंगळून बरोबर दात्यात बसलेली.

पार्वतम्मा रडकुंडीला आली. शिवकन्येनं सुपारी ओढणीला पुसून तिच्या तळहातावर ठेवली. "राखणच केली की आत्या! जागची हलू दिली न्हाई!"

अमरेश हसला. किती दिवसांनी, मोठ्यानं!

१५ जानेवारी

रूळ घासले, मोटार उघडून साफ केली. ते काम माझं. बोल्ट तिनंच परत आवळले — हात लावू दिला नाही. सीट पुढं, मागं, परत पुढं. लहान लेकरागत बटण दाबत बसलो.

१६ जानेवारी

गाडीनं गेले, गाडीनं आले. अमरेश वाटभर झोपला म्हणे. शिवकन्या मात्र आल्या आल्या स्वयंपाकाला लागली.

३० जानेवारी, शुक्रवार

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं — शिवकन्येची किडनी अमरेशला जुळते. तपासण्या तिनं संक्रांतीच्या आधीच सुरू केल्या होत्या. आम्हांला चकार शब्द नाही!

घरी आल्यावर तिनं बटण दाबलं. सीट सरसरत पार मागं गेली, अमरेशच्या मापाला.

"दसऱ्याला गाडी हे चालवतील आत्या. सुपारी तेवढी डिकीत ठेवा."