पार्वतीचं पूर्ण उत्तर

मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी पाणी आलं, भरून ठेवलं. दहा वाजता बँकेत जाऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. येताना केबिन रोडवरून कोरे कागद घेतले. जेवलो. दुपारी दोन वाजता हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

मी, लवू बाळा भोईर, वय ६८, धंदा काही नाही, पूर्वी शाळेत मुख्य लिपिक, राहणार भाईंदर पूर्व, हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा या कागदाशी संबंध नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी शिकवलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण पार्वती माझ्यामागे राहील असं धरून चाललो होतो. माझी पत्नी पार्वती दिनांक ९ ऑगस्ट २०२४ रोजी वारली.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित पैशांतून घेतलेला आहे. तो माझी एकुलती एक मुलगी हेमांगी हिला द्यावा. फ्लॅटला कोणतीही अट नाही. अट घालावी असं दोन दिवस मनात होतं. ती का घातली नाही ते कलम ६ मध्ये लिहिलं आहे.

२. बँकेत जे असेल तेही हेमांगीचं. टीव्ही जावई अमोल यांना द्यावा, त्यांना कबड्डीचे सामने मोठ्या पडद्यावर बघायला आवडतात. टीव्हीवर माझा राग नाही. पार्वती रोज संध्याकाळी मालिका लावून तांदूळ निवडायची आणि त्यातल्या सासूला नावं ठेवायची. यंत्राचा दोष नाही.

३. माझा अंत्यविधी साधा करावा. नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावू नये. पार्वती गेली तेव्हा माझा पुतण्या भूपेश याने खारीगावच्या नाक्यावर दहा फुटी बॅनर लावला आणि त्यावर टीव्हीच्या प्रोमोतला (कलम ५ पाहा) फोटो टाकला. मोकळे केस, मागे धूर, डोळ्यांत लाल उजेड. मी त्याला म्हटलं, "हा फोटो का?" तो म्हणाला, "काका, या फोटोने लोक काकीला ओळखतात." बॅनर तेरा दिवस होता. तेरा दिवस मी दुसऱ्या रस्त्याने गेलो.

भूपेशला मी आमच्या बाहेरच्या खोलीतला पार्वतीचा फ्रेम केलेला फोटो देतो. त्यात तिचा अंबाडा आहे, नाकात नथ आहे, आणि पुढचा पडलेला दात लपवायचं ती विसरली आहे. घरात लावावा. पुढे कधी तिचा फोटो लागला तर हा वापरावा.

४. पार्वती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गाऊन विधी पार पाडणारी बाई ती धवलारीण. पार्वती हे तिच्या मावशीकडून ऐकून शिकली. लिहिता तिला येत होतं, पण ती म्हणायची, "लिवला का मानूस इसारतय." म्हणून लिहिण्याचं काम मी केलं. माझ्या अक्षरातल्या दोन वह्या आणि रविवारी शाळेचा टेपरेकॉर्डर परवानगीने आणून भरलेल्या अकरा कॅसेट लोखंडी कपाटात आहेत. ते सर्व खारीगावच्या संचिताला द्यावं. ती पार्वतीकडे चार वर्षं शिकली. तिच्यावरही अट नाही. तिने गावं, शिकवावं, तिला वाटलं तर मोबाइलवर टाकावं. गाणं पार्वतीच्या मालकीचं नव्हतं, ते माझ्या मालकीचं कुठून होईल? फक्त गाताना तिने केस बांधलेले असावेत. ही अट नाही, पार्वतीची सवय आहे.

५. आता जे घडलं ते क्रमाने लिहितो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये भूपेशच्या ओळखीने एका मनोरंजन वाहिनीचे लोक आले. वाहिनीचं नाव लिहीत नाही, त्यांना जाहिरात नको. लोककलेवर कार्यक्रम होता. ममता नावाची बाई मुख्य होती. बोलायला चांगली. तिने पार्वतीच्या हातची भाकरी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. मग कॅमेरा लावायच्या आधी म्हणाली, "मावशी, केस मोकळे सोडा ना. फ्रेम एकदम भरून येईल."

पार्वती म्हणाली, "केस सोडू? कोन मेलाय काय? मांडवात कोनी केस सोडून बसतय?"

"मावशी, हा मांडव नाही, सेट आहे."

"माजा गाना काय माज्या केसांत हाय?"

सगळे हसले. पण अर्धा तास तेच तेच सांगत राहिले, लाइट जातोय म्हणाले, आणि शेवटी पार्वतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जाऊ दे, त्यांचं काम त्यांना कळतं." तिने केस सोडले. त्यांनी कपाळावर मोठा मळवट भरला आणि मागून धूर सोडला. लग्नाचं गाणं गाणाऱ्या बाईला त्यांनी अंगात आलेल्या बाईसारखं सजवलं. पार्वतीच्या अंगात कधी आलं नाही. तिला धुराने खोकला आला.

मग प्रश्न विचारले. ममताबाई म्हणाल्या, "मावशी, आधी माझा प्रश्न म्हणा आणि मग उत्तर द्या. माझा आवाज आम्ही काढून टाकणार." पार्वतीला ते जमेना. ती एका शब्दात उत्तर देऊन मोकळी व्हायची. तेव्हा मी पुढे झालो. मी म्हटलं, "अगं, परीक्षेत मुलं पूर्ण वाक्यात उत्तर लिहितात ना, प्रश्न उतरवून घेऊन, तसं." बत्तीस वर्षं शाळेत काढल्याचा मला अभिमान होता. बाहेरच्या खोलीत दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतलं. ते तिला मी शिकवलं, आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

ममताबाईंनी विचारलं, "लग्नाला भटजी कशाला लागतो?"

पार्वतीचं पूर्ण उत्तर असं होतं: "लग्नाला भटजी कशाला लागतो, असा तुमी इचारलाव. तर भटजीचा काम मंतर बोलाचा न् माजा काम धवला गावाचा. भटजी लगीन लावतय, मी पोरीला धीर देतय. दोगांशिवाय मांडव उबा रावाचा न्हाय."

प्रोमोत त्यांनी ठेवलं ते इतकंच: "लग्नाला भटजी कशाला लागतो!" त्याच्या मागे ढोल, पुढे धूर, आणि नंतर माझा चेहरा. तो चेहरा सकाळी उजेड तपासताना घेतला होता. "काका, नुसतं समोर बघा," म्हणाले, म्हणून मी समोर बघत होतो. माझा चेहरा मुळातच असा आहे, शाळेतली मुलं त्याला घाबरायची. खाली अक्षरं आली, "नवऱ्यालाही धक्का!" मला धक्का बसलेला नव्हता. मला चहा हवा होता.

हा प्रोमो आठ दिवस, दर अर्ध्या तासाने. फोनवर फिरला तो वेगळा. अर्धे लोक तिला शिव्या देत होते, अर्धे शाबासकी. दोघांनीही तिचं उत्तर ऐकलं नव्हतं. मी ममताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, एपिसोडमध्ये पूर्ण उत्तर आहेच की. प्रोमो म्हणजे फक्त उत्सुकता. थोडी चर्चा झाल्याशिवाय कोण बघतं लोककला?" हे खरं आहे, एपिसोडमध्ये पूर्ण उत्तर होतं. ते एकदा लागलं.

बर्वे गुरुजींनी पार्वतीबरोबर वीस वर्षं एकाच मांडवात लग्नं लावली होती. त्यांचा फोन आला. "पार्वतीबाई, मला कामावरून काढलंत ते आधी कळवायचं तरी! नवी धोतरजोडी घेऊन बसलो की मी." त्या आठ दिवसांत ती तेवढीच एकदा हसली. गुरुजी स्वतःहून म्हणाले की मी टीव्हीवर येतो, दोघं शेजारी बसून सांगू. मी ते ममताबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "काका, ते दोघं शेजारी बसले तर वाद कुठे उरतो?"

हे वाक्य मी त्याच दिवशी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. रागाने माणूस शब्द बदलतो. मी बदललेले नाहीत.

त्या वर्षी तीन घरांनी तिला हळदीला बोलावलेलं रद्द केलं. कोणी वाईट बोललं नाही. "या वर्षी राहू दे, वहिनी, पाहुण्यांत उगाच विषय नको." पुढच्या वर्षी कोणी विचारलंच नाही. संचिताला ती शिकवत राहिली, पण दार लावून. मांडवात ती पुन्हा गायली नाही.

कार्यक्रमाने तिचा जीव घेतला असं मी लिहिणार नाही. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. कार्यक्रमाने मारलं असं खोटं लिहिलं तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक राहणार नाही. त्यांनी तिचं गाणं घेतलं. एवढं पुरेसं आहे.

ती गेल्यावर पंधरा दिवसांत वाहिनीने तोच तुकडा पुन्हा दाखवला, रंग काढून, बासरी लावून. "शेवटची धवलारीण." खारीगावात आजही दोन गातात, संचिता तिसरी. त्यांना विचारायला कोणी आलं नाही. शेवटची म्हटलं की लोक डोळे पुसतात, आणि डोळे पुसणारे लोक चॅनेल बदलत नाहीत.

६. परवा, रविवारी, धर्मेश नावाचा निर्माता घरी आला. पार्वतीवर वेब फिल्म करायची आहे, माझी संमती हवी. हेमांगी आलेली होती. त्याने पोस्टर दाखवलं. तिशीतली बाई, मोकळे केस, मागे पेटलेलं होमकुंड.

मी विचारलं, "ही कोण?"

"काका, ही काकीच. तरुणपणीची."

मी म्हटलं, "पार्वती तरुणपणी मी पाहिलेली आहे."

तो हसला. रागावला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "वाद असला की लोक बघतात, बघितलं की कला पोचते. तुम्ही विचार करा. आम्हाला घाई नाही. आज ना उद्या घरातलं कोणीतरी सही करतंच." माझ्याच घरात, माझ्या मुलीसमोर, माझ्या मरणाची वाट बघायची तयारी त्याने चहा पिता पिता सांगितली. म्हणून हे मृत्युपत्र.

तो गेल्यावर हेमांगी म्हणाली, "बाबा, करू दे ना. निदान आईची बाजू येईल."

"होमकुंड पेटवून?"

"मग तुम्ही सांगायची होती ना बाजू! तीन वर्षं तुम्ही गप्प. तुम्ही बोलला नाहीत म्हणून त्यांचंच खरं ठरलं."

ती सहाच्या गाडीने गेली. तिचं म्हणणं बरोबर आहे. मी वाहिनीच्या फॉर्मवर सही केली तीसुद्धा न वाचता. शाळेत एका ओळीची पावती मी वाचल्याशिवाय दिली नाही, आणि सात पानांच्या इंग्रजी कागदावर बायकोचा चेहरा लिहून दिला, कारण जेवायची वेळ झाली होती.

तेव्हा माझा निर्णय असा. मी जिवंत असेपर्यंत संमती नाही. माझ्यामागे पार्वतीचं नाव, चेहरा किंवा आवाज यांबद्दल हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार फक्त हेमांगीचा. भूपेशचा नाही, इतर कोणा नातेवाइकाचा नाही. 'सही केलीस तर फ्लॅट मिळणार नाही' असं लिहायला मी हातात पेन घेतलं होतं. मग वाटलं, घराच्या भीतीने ती 'नाही' म्हणाली तर ते तिचं उत्तर नसेल, मी कापून जोडलेलं असेल. म्हणून अट नाही.

हेमांगी, फक्त एक कर. जो कोणी सही मागायला येईल त्याला बसव, पाणी दे, आणि कलम ५ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखव. मधलं सोडू नकोस. तुझ्या बापाची चूक आहे तीही सोडू नकोस. तो मोबाइल बघू लागला तर थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून वाच. ऐकून झाल्यावरही तो बसलेला असेल आणि तुला पटलं, तर सही कर. मी वरून भांडायला येणार नाही. मी गप्प होतो. हे माझं बोलणं आहे, उशिरा केलेलं.

७. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी जावई अमोल यांना नेमतो. ते कागद नीट वाचतात.

८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात. म्हणून माझे शाळेतले मित्र फ्रँक यांना माझी लांब दांड्याची छत्री आजच, सहीच्या आधी दिली. ती त्यांनी एकदा नेली होती आणि चार वर्षांनी आणून दिली होती. आता आणून देण्याची गरज नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. कुठे खाडाखोड नाही.

सही: लवू बाळा भोईर

साक्षीदार:
१. फ्रँक जोसेफ मुनीस, उत्तन, निवृत्त क्रीडाशिक्षक
२. गुणवंत मोरेश्वर किणी, शेजारी, भाईंदर पूर्व

दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: भाईंदर (पूर्व)
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी सहा

(पुढचं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं आहे. ते मृत्युपत्राचा भाग नाही.)

साक्षीदार गेल्यावर खाली उतरलो. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. नंबर आल्यावर तीन प्रती सांगितल्या. एक हेमांगीला, एक अमोलरावांना, एक धर्मेशच्या ऑफिसला टपालाने. मुलगा म्हणाला, "अंकल, कलर में निकालूँ? अच्छा दिखेगा." मी म्हटलं, "नहीं, सादा." प्रती हातात आल्यावर काउंटरच्या कडेला उभा राहिलो, प्रत्येक संचाची पानं मोजली, क्रमाने लावली आणि पिना मारल्या.