पेलिकनच्या छातीवरचे लाल थेंब

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या चर्चच्या बोधचिन्हातला पेलिकन चोचीने स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो. ख्रिस्ताचं बलिदान आहे ते! आज कमिटीने छातीवरचे लाल थेंबच पुसायचं ठरवलं. "लेकरं भेतात," सेक्रेटरी म्हणाला, "अन् अर्थ आता कोणाले समजते?" थेंब पुसल्यावर उरलं काय? अंग खाजवत बसलेला पक्षी?

मग प्रीतिभोजन. याच सेक्रेटरीने तीनदा वांग्याची भाजी वाढून घेतली. सकाळपासून चुलीशी राबणाऱ्या माझ्या आईला शेवटी भाजी उरलीच नाही. रिकामं पातेलं पुसून तिने पोळी खाल्ली आणि वर त्यालाच विचारलं, "भाऊ, पोट भरलं ना?"

आणि अर्थ समजत नाही म्हणे!