करुणाच्या नौकेचा नांगर

मी, मोतीराम किसन हिवराळे, वय एकोणसत्तर, नौदलातून निवृत्त, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे नाही. येत्या सोमवारी त्याचे ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायची सवय मलाच आहे, असे माझी पत्नी म्हणते; तेही नोंदवून ठेवतो.

१. पडेगावचे राहते घर आणि बँकेतली सगळी ठेव पत्नी भामाबाई हिला. "आई, आमच्याकडं चल" असे म्हणून तिला कोणी या घरातून हलवू नये. तिच्या पश्चात घर मुलगा प्रणय आणि मुलगी करुणा यांना निम्मे निम्मे.

२. सिल्लोडच्या जमिनीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ कसतो आहे, तो त्यालाच द्यावा. बांधावरची चिंच त्याने मला न विचारता तोडली, ते मी माफ केलेले नाही. जमीन घेताना त्याने हेही ऐकून घ्यावे.

३. वाळूजच्या माझ्या वर्कशॉपमधली वेल्डिंगची मशीन आणि हत्यारे शेजारी काकासाहेब यांना द्यायची होती. पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून ती त्यांच्या मुलाला, शिवमला. प्रणयला देऊन उपयोग नाही, तो पंखासुद्धा माणूस बोलावून पुसून घेतो.

४. करुणाची शिडाची नौका रत्नागिरीच्या खाडीत उभी आहे. ती तिने नोकरी करून, स्वतःच्या कमाईने घेतली. त्यामुळे त्या नौकेबद्दल मला काहीच लिहिता येत नाही. मी लिहितो ते नांगराबद्दल.

करुणा दिवाळीनंतर एकटी निघणार आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत, तिथून लक्षद्वीप. रोजच्या मुक्कामाला नांगर टाकायचा आणि त्याच्या भरवशावर झोपायचे. तिने अ‍ॅल्युमिनियमचा, दोन पात्यांचा, घडी होणारा नांगर घेतला आहे. वजन सात किलो. उन्हाळ्यात तिने तो जायकवाडी धरणात, भाड्याच्या होडीतून टाकून मला दाखवला. होडी जोर लावून मागे ओढली, नांगर तसूभर हलला नाही. पोरगी लहानपणी हसायची तशी हसली. मी म्हणालो, "खाली बुडालेली शेतं आहेत, करुणा. काळी माती आहे. हिच्यात बैलगाडीचं चाक रुतलं तरी चार माणसं लागतात. इथं धरला याचा समुद्रात काही अर्थ नाही."

कोकणात कुठे वाळू, कुठे खडक, कुठे नुसते शेवाळ. वारा फिरला की नौका उलट बाजूने ओढते. तिने घेतला तसला नांगर तेव्हा उखडतो आणि पुन्हा धरेलच असे नाही. कारवारला नोकरीवर असताना असाच वारा फिरला आणि शेजारची शिडाची नौका खडकावर गेली. त्यातली माणसे आम्ही पाण्याबाहेर काढली. सगळी जिवंत नव्हती.

म्हणून मी वर्कशॉपमध्ये तिच्यासाठी नांगर घडवला: एकच रुंद पाते, वर कमान, म्हणजे उपटला तरी पालथा पडत नाही, सरळ होऊन पुन्हा शिरतो. वजन वीस किलो. करुणा म्हणाली, "बाबा, वर ओढायला मी एकटी आहे. जो मला उचलता येत नाय, तो नांगर कामाचा नाय." यात तथ्य होते, म्हणून मी हाताने फिरवायची चरखी बनवली. तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला नांगराचा भरवसा नाय, असं नाय. माझाच नाय." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मला भीती वाटते. तिला तो अविश्वास वाटतो, आणि दोन्ही वेगळे आहेत हे मला समजावून सांगता आलेले नाही.

सबब, सदर नांगर व चरखी मी करुणाला देत आहे. मात्र हलका नांगर टाकून देऊन हा नौकेवर चढवल्याशिवाय तिला घरातला हिस्सा मिळू नये.

५. माझ्यामागे जेवणावळ करू नये. बुद्धवंदना घ्यावी आणि लोकांना वेळेवर घरी जाऊ द्यावे.

पुरवणी. सही करण्याआधी काकासाहेबांनी हा कागद वाचायला मागितला. चौथ्या कलमाशी थांबले आणि चष्मा काढून म्हणाले, "मोतीराम, ह्यो कागद कवा उघडणार? तू गेल्यावर ना? पोरगी तर दिवाळी झाली की निघणार. तू आप्रेशनातून धड उठला, तर नांगर इथंच पडून ऱ्हाईल. तिला ह्यो द्यायला तुला मरावं लागंल व्हय?"

भामाबाई आतून म्हणाली, "लई शहाणे आहेत काकासाहेब."

चौथ्या कलमातली अट मी मागे घेतो. घराचा हिस्सा करुणाला बिनशर्त आहे. नांगर आणि चरखीबद्दलची तरतूदही रद्द, कारण त्या वस्तू आता माझ्या मालकीच्या नाहीत. आज दुपारी काकासाहेबांच्या टेम्पोत घालून मी त्या करुणाच्या शहरातल्या खोलीवर नेल्या. कलम खोडलेले नाही. तिने ते कधीतरी वाचावे.

ती खाली आली. माझ्याकडे पाहिले नाही. नांगर दोन्ही हातांनी उचलून पाहिला, चरखी फिरवून पाहिली. मग म्हणाली, "दोन्ही नांगर नेते. कोणता टाकायचा, ते तिथला तळ बघून ठरवीन."

"आधी तळ बघ" हे मीच तिला जायकवाडीवर शिकवले होते. तिचे बरोबर आहे. माझी भीती तरीही गेलेली नाही, आणि जाईल असे वाटत नाही.

६. शेवटची इच्छा. पहिल्या मुक्कामाला नौका स्थिर झाली की करुणाने घरी फोन करावा आणि "धरला" एवढेच सांगावे. कोणता, ते मी विचारणार नाही. मी नसलो तर फोन भामाबाई उचलेल. तिला नांगरातले काही कळत नाही, पण मी असलो तर तीही माझ्याशेजारी बसून वाट पाहत असेल.

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १० ऑक्टोबर २०२५

सही: मोतीराम किसन हिवराळे

वरील इसमाने आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली आणि त्याच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: काकासाहेब रंगनाथ म्हस्के, शेजारी (टेम्पो माझाच होता.)
साक्षीदार २: डॉ. मेघा सोनवणे (प्रकृती तपासली. छातीत धडधड आहे, बुद्धी ठीक आहे.)