आईने पाहिलेला मूकपट

४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मेंदूच्या झटक्याने गेलेली आईची वाचा परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही म्हणतेस. मग माझा जीव इथे कसा रमणार? युरोपच्या सिनेमाचा अभ्यास काय, पुढेही होईल. सामान बांधलंय, कायमची येते. सर एवढंच म्हणाले, की कॉलेजातून नाव इतक्यात काढू नकोस.

तुझी टकळी

९ जून

चि. टकळीस,
पोटभर आशीर्वाद.

ये, पण आठ दिवसांसाठी. शिलाई मशीन मी ताईच्याच खोलीत हलवलंय, औषधपाण्याची काळजी नको. दुखणं वेगळंच आहे. आल्यागेल्या बायका तिच्याशी ओरडून बोलतात, जणू ती बहिरीच झाली! मग ती भिंतीकडे तोंड करून पडते. तू शिक्षण सोडून उशाशी बसलीस, तर तिच्या जिवाला आणखी एक घोर. त्यापेक्षा तू शिकतेस तरी काय, ते दाखव. आम्हा दोघींना अजून कळलेलं नाही, बरं का!

माया आहेच. ती पुरवून वापरू नकोस.
मावशी

२७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इथे परत सुखरूप पोचले. तो जुना जर्मन मूकपट लावला तेव्हा आई पाठ फिरवूनच होती. वाढप्याची टोपी उडाली, तू खदखदून हसलीस, म्हणून ती वळली. पुढे पडद्याकडे बोट दाखवून तू म्हणालीस, ही म्हातारी चिडलीय. आईने जोरजोरात मान हलवली, छातीशी हात धरला, डोळे विस्फारले. चिडली नाही, घाबरलीय! किती दिवसांनी तिने कुणाची तरी चूक काढली गं. मला तर रडूच फुटलं.

सर म्हणतात, मूकपटांच्या काळी दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की सिनेमा शेजारच्या देशात चाले. युद्धात एकमेकांवर तोफा डागलेले लोकही पुढे एकमेकांचे चेहरे पडद्यावर बघू लागले. हे मला पाठ होतं. कळलं मात्र आईच्या खाटेवर बसून.

निघताना माझी बॅग तिनेच दाराशी नेऊन ठेवली. तू अडवलं नसतंस, तर मी हे सारं सोडून बसले असते. तुझे उपकार फेडायचे नाहीत मला, त्यांतच राहायचंय.

तुझीच,
टकळी

६ जुलै

चि. टकळीस,
पोटभर आशीर्वाद.

उपकार कसले, वेडाबाई! रविवारी ताईने खुणा करून शेजारणींना बोलावलं, तू ठेवून गेलेला दुसरा सिनेमा लावायला लावला. वरच्या मजल्यावरची मास्तरीण सवयीने एकेक पाटी मोठ्याने वाचायला लागली. ताईने ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे असं पाहिलं, की सगळ्या बायका चिडीचूप.

मावशी