बंगल्याच्या आवारात गेलेला चेंडू

सर, पंधरा दिवसांपूर्वी मी एका नो-बॉलचा अर्थ लावला, आणि तो चुकीचा लावला. तुम्ही मला पाच वर्षं संस्कृत शिकवलंत ते यासाठी नव्हे, हे मला कळतं. पण शास्त्रवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेला आता गिऱ्हाईक नाही आणि टेनिस बॉलच्या सामन्यांना आपल्या मुळशीत तोटा नाही. तुमचा विद्यार्थी जिथे खपतो तिथे खपतो. तालुक्याच्या स्पर्धेचं नियमपत्रक गेली सहा वर्षं मी मराठीत लिहितो, आणि हंगामाआधी सगळ्या पंचांना बसवून त्याचा अर्थ सांगतो. मला तिथे 'नियमवाले सर' म्हणतात. पंच म्हणून मैदानात मी कधीच उभा राहिलो नाही. उन्हात उभं राहून निर्णय द्यायला लागणारी छाती माझ्याकडे नाही; सावलीत बसून तो निर्णय कसा चुकला हे सांगायला लागणारी विद्वत्ता मात्र भरपूर आहे.

तुम्हाला आठवतं ते कासार आंबोलीच्या बाजूचं मैदान आता निम्मं उरलंय. पूर्वेकडची जमीन विकली गेली, तिथे शहरातल्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले उभे राहिले. त्यातला एक तर मिडविकेटच्या सीमारेषेला चिकटूनच आहे. पहिल्या वर्षी त्यांची काच फुटली. दुसऱ्या वर्षी दोघेजण चेंडू आणायला भिंतीवरून उतरले आणि त्यांच्या कुत्र्याने एकाची पँट ठेवून घेतली. तिसऱ्या वर्षी मालकांनी पोलिसांत अर्ज दिला. मग मी कलम अकरा लिहिलं: चेंडू थेट किंवा टप्पा घेऊन बंगल्याच्या आवारात गेल्यास फलंदाज बाद, आणि त्या फटक्याच्या धावा नाहीत. जगात कुठल्याही नियमावलीत नसलेलं हे कलम आपल्याकडे एकदम लागू पडलं. पोरं तिकडे मारायचीच बंद झाली. मला त्या कलमाचा फार अभिमान होता. आता तोच अभिमान मला रात्रंदिवस शिंगं मारतो आहे.

हंगामाआधीच्या बैठकीला पौडच्या शाळेतल्याच खोलीत आम्ही बसलो होतो. तुम्ही जिथे आम्हाला शिकवायचात तीच खोली, फक्त फळा पांढरा झालाय. तेवीस पंच, त्यात एकच बाई. भरे गावची आहे, पिरंगुटच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर असते, आणि तिथली सवय इथेही सोडत नाही. मी कलम अकरा वाचून दाखवलं तसा तिने हात वर केला.

"सर, नो-बॉल पडला आन् त्योच बंगल्यात गेला, तर काय धरायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तर कुत्र्याला इचारायचं!" खोली हसली. मीही हसलो, सर. एवढंच नाही, "कुत्रा आमच्या पॅनेलवर नाही," असं म्हणून मी त्या हशात माझीही भर घातली. ती हसली नाही. पेन्सिल हातात धरून उत्तराची वाट बघत बसली. मग मी म्हणालो, "नो-बॉलवर फलंदाज धावबाद सोडून सहसा बाद होत नाही, हे तुम्ही परीक्षेसाठी वाचलंयच. बंगला त्यापेक्षा मोठा नाही. नाबाद. तसं पत्रकात घालतो." तिने ते लिहून घेतलं. मी घातलं नाही. पत्रक छापायला गेलेलं होतं, छापखान्याला फोन करायचा मला कंटाळा आला, आणि असा चेंडू पडतो कधी, असं मी स्वतःला सांगितलं.

तो पडला. अंतिम सामन्यात, शेवटच्या षटकात. एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला नांद्याकडचा संघ. फलंदाजी नांद्याची, तीन चेंडूंत चार धावा हव्या. कमरेच्या वर फुलटॉस आला, त्यांच्या पोराने डोळे मिटून फिरवला आणि चेंडू बंगल्याच्या तुळशीत जाऊन बसला. पंच तीच. तिने आधी नो-बॉलचा हात आडवा केला होता. सगळे 'औट, औट' म्हणून धावत आले. ती म्हणाली, नाबाद. बंगल्यातल्या फटक्याच्या धावा नाहीत, फक्त नो-बॉलची एक धाव धरायची, खेळ पुढे चालू. पुढच्याच चेंडूवर चौकार गेला. नांदे जिंकलं. आणि मग मांडवात जे सुरू झालं त्याला सामना म्हणत नाहीत.

मी त्या वेळी घरी, पिरंगुटला, जेवून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो. फोन आला. आयोजन समितीचे अध्यक्ष.

"सर, फोन स्पीकरवर हाय. समदे ऐकत्यात. तुमी फकस्त येक सांगा. कलम अकरा. बंगल्यात चेंडू गेला. औट का न्हाई?"

"नो-बॉल होता ना?" मी विचारलं. म्हणजे मला तेवढं तरी सुचलं.

"व्हय. पर नो-बॉलचं तुमच्या कागदावं कुटं लिवलंय? आमाला दाखवा. लिवलं असंल तर आमी गप बसतो."

लिहिलेलं नव्हतं. का नव्हतं, हे त्या स्पीकरवर सांगायचं तर शंभर माणसांपुढे नियमवाल्या सरांनी कंटाळा केला असं म्हणावं लागलं असतं. मी एक क्षण थांबलो. मग तुमचंच शास्त्र बाहेर काढलं. म्हणालो, सामान्य नियम आणि विशेष नियम यांत विशेष बलवान. नो-बॉलचा नियम सगळ्या जगाला सामान्य. कलम अकरा फक्त आपल्या मैदानासाठी, म्हणजे विशेष. म्हणून बाद. पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली. सर, मला ती टाळी आवडली.

हे चूक कसं, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या स्वयंपाकघरातच तर मी ते शिकलो. काकू आरोग्य केंद्रात नर्स, त्यांची सकाळची पाळी असली की पोळ्या तुम्ही करायचात, आणि मी ओट्याला टेकून पाठ म्हणायचो. आत्ताही तुम्ही मला तसेच दिसता: चष्म्यावर पीठ, हातात लाटणं, आणि माझ्याकडे न बघता बोलताय. या घरात रोज भात असतो, हा सामान्य नियम. एकादशीला भात नाही, हा विशेष. बरं, एकादशीलाच तापातून उठलेलं पोर आलं आणि डॉक्टरांनी त्याला पेजच द्यायला सांगितली आहे, तर? मी ऐटीत म्हणतो, एकादशी विशेष, म्हणून उपास. तुम्ही पोळी तव्यावर टाकता आणि म्हणता, "शास्त्रीबुवा, आजारी माणसाची सूट ही सगळ्याच उपासांवरची सूट आहे. तुम्ही धाकट्याला थोरला करून बसवलात." नो-बॉलही तसाच ना, सर? बाद होण्याच्या सगळ्या रीती एका बाजूला, आणि गोलंदाजाने गैर चेंडू टाकला तर त्यांतून फलंदाजाला दिलेली सूट दुसऱ्या बाजूला. कलम अकरा म्हणजे बाद होण्याची आणखी एक रीत, एवढंच. मी ती सुटीच्या डोक्यावर नेऊन बसवली. आणि पोळी उलटताना तुम्ही पुढे जे म्हणालात ते तर मला त्या दुपारी आठवायलाच हवं होतं. "अर्थ लावायला बसलास की आधी बघ, कुठल्या अर्थाने तुझी सोय होते. त्या अर्थाकडे सगळ्यात शेवटी जा." मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, मला वाटलं तुम्ही मला उगाच बोलताय. पोळी मात्र तुम्ही मला पहिली दिलीत.

माझ्या अर्थाचं पुढे काय झालं ते ऐका. नांद्याची मंडळी चषक द्यायला तयार होईनात, यजमान सोडायला तयार होईनात. शेवटी दोघांना विजेते ठरवलं. चषक सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, माहेर-सासर केल्यासारखा. यावर मीच आधी हसलो असतो. पण दोन्ही बाजूंची समजूत घालायची तर चूक कुणाच्या तरी नावावर टाकायला हवी होती. ती पंचांच्या नावावर टाकली. समितीने ठराव केला: पंचांना कलम अकरा माहीत नव्हतं. पुढच्या हंगामाच्या यादीतून तिचं नाव काढलं, आणि जिल्ह्याच्या पंच परीक्षेसाठी तिची शिफारस जाणार होती ती थांबवली. ती परीक्षा वर्षातून एकदा होते. कारखान्यातून सुट्ट्या साठवून तिने तयारी केली होती.

मागच्या आठवड्यात ती घरी आली. चहा नको म्हणाली, मग घेतला. पिशवीतून तिने नियमपत्रक काढलं आणि कलम अकरापाशी उघडून माझ्यापुढे ठेवलं. बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिलं होतं: नो-बॉल असेल तर नाबाद. सरांनी सांगितले.

"ह्ये मी कमिटीला दावलं न्हाई," ती म्हणाली. "आधी तुमाला इचारावं म्हटलं. मी चुकीचं ऐकलं का काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग फोनवर तसं का सांगितलं, सर?"

"माझ्या लक्षातून गेलं होतं."

तिने कप खाली ठेवला. "व्हय का," एवढंच म्हणाली. मग पत्रक पिशवीत घालताना म्हणाली, "रविवारी कमिटीची बैठक हाय. तुमी काय लिवून दिलं तर बघत्याल म्हनं. मी सोता कायबी दावनार न्हाई. मला नियमवाल्या सरांना खोटं पाडायचं न्हाई. मला परीक्षा द्यायचीय."

जाताना तिने चपला घातल्या, पायरीवर थांबली आणि म्हणाली, "तवा समदे हसले, पर तुमी उत्तर दिलं होतं. म्हनून मी लिवून घेतलं." त्यात टोमणा नव्हता, सर. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी आत्ता कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलोय. दुपारचे तीन वाजलेत, परीक्षा संपल्यात, पंखा आणि मी दोघेच कामावर आहोत. टेबलावर तुमचे चिंचोके ठेवलेत. शाळेच्या सामन्यांत पंच म्हणून उभे असताना सहा चेंडू मोजायला तुम्ही सहा चिंचोके कोटाच्या उजव्या खिशातून डाव्यात टाकत जायचात. तो कोट तर शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला, त्यावर आम्लाचे डाग. एका सामन्यात उजव्या खिशाला भोक पडलं आणि एक चिंचोका अस्तरात उतरला. पाचव्या चेंडूनंतर तुम्हाला खिशात काही लागेना आणि तुम्ही षटक संपलं म्हणून सांगितलंत. आपल्या शाळेने तो सामना दोन धावांनी जिंकला. गुणलेखक मी होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही अस्तर उसवून तो चिंचोका काढलात आणि मला विचारलंत, "त्या षटकात किती पडले?" वहीत सहा टिंबं होती. मी म्हणालो, "तुम्ही षटक संपलं म्हणालात, म्हणून मी सहावं टिंब दिलं, सर. माझ्या लक्षात आलं नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू म्हणतोस म्हणजे तसंच. चूक माझी." संध्याकाळी सायकल काढून तुम्ही समोरच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या घरी गेलात आणि मी पाच चेंडूंचं षटक दिलं, असं त्यांच्या अंगणात उभं राहून सांगून आलात. त्यानंतर तुम्ही पंच म्हणून कधीच उभे राहिला नाहीत. चिंचोके मला दिलेत. "तुझी नजर चांगली आहे," म्हणालात, "तुला उपयोगी पडतील."

समितीसाठी पत्र लिहून झालंय. या पत्राच्या खालीच ठेवलंय. चांगलं जमलंय, तुम्ही एकही चूक काढली नसती. बैठकीत तिने प्रश्न विचारला होता, मी 'नाबाद' असं उत्तर दिलं होतं, पत्रकात घालायचं राहिलं, तिचा निर्णय बरोबर होता, तिचं नाव परत घ्यावं आणि शिफारस पाठवावी, असं सगळं त्यात आहे. फक्त एक शब्द मी सकाळपासून चारदा वाचला. फोनवर उलट उत्तर मी 'विस्मरणामुळे' दिलं, असं मी लिहिलंय. सभ्य शब्द आहे. कुणी आक्षेप घेणार नाही, तीही नाही.

पण स्पीकरवर मी तो एक क्षण थांबलो ना, तेव्हा ती मला दिसत होती, सर. पेन्सिल धरून बसलेली.

तो शब्द खोडतो आणि ते पत्र रविवारी स्वतः नेऊन देतो. तुम्ही गेलात, तेव्हा हे तुम्हाला लिहिलेलं कुठे टाकायची सोय नाही. चिंचोक्यांच्या डबीखाली राहील. आणि त्या दिवशी पाचच चेंडू पडले होते, हे मी मोजलं होतं.