बिनआवाजाचं भूत

लिंबायत, सुरत
शनिवार

प्रिय सोना,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की मनू जेवली का, मनू झोपली का, आणि मनू शेजारीच कान टवकारून बसलेली. आज ती नानाआजोबांबरोबर खाली गेलीय, तेवढ्यात कागद घेऊन बसले. तुझे नितीनराव संध्याकाळी सचिन गावाहून ड्युटी करून येतील, ते पानांचे फोटो काढून पाठवतील. अक्षराला नावं ठेवू नकोस, चष्मा सापडत नाहीये.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तू जे पाहिलंस, ते माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. बाहेर फटाक्यांचा धुडगूस आणि पोर कपाटाआड गोधडीत, दोन्ही हात कानांवर. तू तिकडे आयर्लंडला हॉस्पिटलच्या ड्युटीच्या कपड्यांत उभी, आणि घाईने फोन ठेवून दिलास. तो का ठेवलास ते मला कळलं नाही असं समजू नकोस. शाळेतही तेच, घंटा झाली की ही बाकाखाली. सहा वर्षांची पोर, किती दिवस बाकाखाली बसणार? तू गेल्यापासून हे वाढलंय, खोटं कशाला बोलू.

त्यात सोसायटीच्या पोरांनी हॅलोविनचं खूळ काढलं. तू तिकडच्या गल्लीतली भुतं दाखवलीस तेव्हापासून मनूच्या डोक्यात ते घोळत होतंच. पार्किंगमध्ये प्रत्येक मजल्याने एक भूत मांडायचं ठरलं, आणि आमच्या मजल्याचं भूत आम्ही करणार असं ही बया परस्पर सांगून आली! फराळाचे डबे घासून होत नाहीत तोच घरात भूत.

दिवाळीनंतरची लाभपाचम झाली तरी नानांचं कापडाच्या लूमचं खातं उघडलं नव्हतं, कारागीर गावाहून यायचेच होते. जन्मभर दुसऱ्यांचे लूम दुरुस्त केलेला माणूस रिकामा बसला की घरभर स्क्रू पसरतात, तुला माहीतच आहे. त्यांनी लाकडी खोका केला, आत सळईवर फिरून वर उठणारी फळी बसवली, फळीवर माझी जुनी पांढरी साडी नेसवलेलं भूत. दोरी ओढली की भूत उठून बसणार. उठलं गं, पण काय ते उठणं! अशी करकर की माझे दात शिवशिवले आणि मनू कान झाकून थेट मोरीत. नाना मात्र मलाच विचारतात, काय व्हयनं? आवाज कुठेय? सगळा जन्म लूमच्या खडखडाटात गेला, त्यांना बारीक करकर ऐकूच येत नाही! मी कपाळावर हात मारून घेतला.

मग खोबरेल झालं, मेणबत्ती घासून झाली, लूमचं ऑइल झालं. साडीला हे एवढे डाग पडले, आणि दुसऱ्या दिवशी धूळ बसली की करकर पुन्हा हजर. दर वेळी नाना विचारायचे, आते कसं वाटस? मी आपली कंटाळून म्हणायचे, बरं आहे. एकदा मोरीच्या दाराआडून बारीक आवाज आला की बरं नाहीये, डावीकडे करकरतंय. नानांनी वाकून पाहिलं तर खरंच डाव्या भोकात सळई घासत होती. त्यानंतर मला कोण विचारतंय! मनू दाराआडून सांगायची आणि नाना तिथे हात घालायचे.

लोखंड लोखंडावर घासतंय, मध्ये काहीतरी गुळगुळीत हवं, एवढं कळलं. पाण्याच्या पाइपचा तुकडा घातला, तो चिरला. डब्याचं झाकण कापून घातलं, ते फाटलं. मग नानांना पिकर आठवला. जुन्या लूममध्ये धोट्याला टोला मारतो ना, तो पांढरा टणक प्लास्टिकचा ठोकळा. दिवसभर सरकतो, मार खातो, पण कुरकुरत नाही. खात्यावरून झिजलेले दोन आणले, भोकं पाडली आणि त्यांतून सळई घातली. फळी खोक्याला घासत होती तिथे मात्र माझा भाजी चिरायचा पांढरा बोर्ड, तू पहिल्या पगारात घेऊन दिलेला, मला न विचारता कापून ठोकला. मी नानांना जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मनू मोरीतून बाहेर आली, खोक्याला कान लावून बसली आणि म्हणाली, नाना, पास.

काल पार्किंगमध्ये दोरी कोण ओढणार म्हटल्यावर मनूने ती कोणाला दिलीच नाही. भूत चकार आवाज न करता उठून बसलं आणि पोरंच काय, तिसऱ्या मजल्यावरची उज्ज्वलासुद्धा किंचाळली! मनूचे हात कानांवर गेले. मी म्हटलं, आता ही पळणार. तेवढ्यात पोरं पुन्हा कर म्हणून ओरडायला लागली, फरीथी, फरीथी! सोना, ती दोरी जड आहे, ओढायला दोन्ही हात लागतात. मनूने क्षणभर माझ्याकडे बघितलं, कानांवरचे हात काढले आणि पुन्हा दोरी ओढली. मग पुन्हा, मग पुन्हा. त्या गोंगाटात उभी राहून हसत होती गं तुझी पोर! मी खांबाआड जाऊन रडून घेतलं.

आता लिहायला का बसले ते सांगते. दिवाळीच्या त्या कॉलनंतर तू राजीनामा लिहून ठेवलायस, हे नितीनरावांकडून मी काढून घेतलं. त्यांच्यावर चिडू नकोस. तू यावीस असं मला रोज वाटतं, मनूही रोज विचारते. ती बरी झाली असंही मी म्हणत नाही, आज सकाळी कुकरची शिट्टी झाली तर पुन्हा गॅलरीत पळाली. पण तिच्या भीतीपायी तू हातचं सोडून आलीस, तर उद्या मोठी झाल्यावर ती स्वतःलाच दोष देईल, आणि ते मला बघवणार नाही. ती तिच्या पायांनी थोडी पुढे आलीय, तिला अजून येऊ दे. ठरल्याप्रमाणे जूनमध्ये ये आणि तिला घेऊन जा. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर उद्याच्या उद्या जाऊन मागे घे.

तुझीच,
आई